एक रेघ, तीन कामे : जर्मन अक्षरजुळणीतील जोडरेघ आणि ओळतोड

जर्मन भाषेच्या छापील मजकुरात शब्दाला चिकटून येणारी आखूड आडवी रेघ तीन निरनिराळी कामे करते. ‘मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न’ या राज्याच्या नावात किंवा ‘हाल्स-नाझन-ओरन-आर्त्स्ट’ (कान-नाक-घशाचा डॉक्टर) या शब्दात ती पदांना कायमचे जोडते. तिला जर्मनमध्ये ‘बिंडेश्ट्रिख’ म्हणतात आणि प्रस्तुत विवेचनात तिच्यासाठी जोडरेघ हा शब्द योजला आहे. शब्द ओळीत पुरता मावला नाही म्हणून तोडावा लागला, तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी जी रेघ येते ती ‘ट्रेनश्ट्रिख’, म्हणजे तोडरेघ. ती शब्दाच्या लेखनाचा भाग नसते आणि ओळ बदलली की नाहीशी होते. तिसरी ‘एर्गेन्त्सुंग्सश्ट्रिख’, म्हणजे पूरकरेघ: ‘हाउप्ट- उंड नेबेनझात्स’ (मुख्य आणि गौण वाक्य) अशा शब्दबंधात दोन समासांचे सामाईक पद एकदाच लिहिले जाते आणि जेथे ते गाळले आहे तेथे ही रेघ येते. जर्मन लेखननियमांच्या अधिकृत संहितेत ही तीन कामे तीन वेगळ्या ठिकाणी सांगितली आहेत. जोडरेघेला स्वतंत्र प्रकरण आहे, पूरकरेघ विरामचिन्हांच्या प्रकरणात येते आणि शब्द ओळीअखेर कोठे तोडावा याचे नियम सर्वांत शेवटच्या प्रकरणात दिलेले आहेत. टंकफलकावर मात्र तिघींसाठी एकच कळ आहे.

मराठी वाचकाला ही स्थिती अगदीच अनोळखी नाही, कारण शालेय व्याकरणात संयोगचिन्हाचे दोन उपयोग एकाच दमात सांगितले जातात, एक दोन शब्द जोडण्याचा आणि दुसरा ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्याचे दाखवण्याचा. तथापि मराठी छपाईत शब्द मधूनच तोडण्याची गरज तुलनेने कमी पडते, आणि म्हणून या दोन उपयोगांची गल्लत झाली तरी तिचा फारसा उपद्रव होत नाही. जर्मनमध्ये तो पदोपदी होतो. वाचणाऱ्याला अर्थावरून रेघेचे काम कळते, पण ओळी पाडणाऱ्या यंत्राला केवळ चिन्ह दिसते; त्या चिन्हानंतर ओळ तोडावी, मुळीच तोडू नये, की तेथे तोडण्यास हरकत नाही पण शब्दाच्या इतर भागांतही तोडण्याची मुभा आहे, हे त्या चिन्हावरून ठरवता येत नाही. ते ठरवणे हे संपादनाचे काम आहे, आणि अक्षरे टंकित होत असतानाच ते मजकुरात नोंदवून ठेवले पाहिजे, ही भूमिका या विवेचनाच्या मुळाशी आहे.

जर्मनचा प्रश्न इतका टोकदार का होतो, हे समजण्यासाठी त्या भाषेतील समासरचना पाहावी लागते. जर्मनमध्ये नामे एकापुढे एक जोडून नवे नाम घडवण्याला व्यवहारात मर्यादा नाही, आणि असे नाम सामान्यतः मध्ये जागा न सोडता सलग लिहिले जाते. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने १९९९ मध्ये केलेल्या आणि २०१३ मध्ये रद्द झालेल्या एका कायद्याच्या नावात, गोमांसावरील लेबलांच्या देखरेखीची कामे दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवण्याविषयीच्या त्या कायद्यात, एकच शब्द ६३ अक्षरांचा होता. हे टोकाचे उदाहरण असले तरी २० ते २५ अक्षरांचे शब्द वृत्तपत्रांत, शासकीय पत्रकांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांत नित्य आढळतात. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात एका ओळीत मोजकीच अक्षरे बसतात आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या असतात. अशा वेळी लांब शब्द तोडता आला नाही, तर शब्दांमधल्या जागा ताणून ओळीत पांढरी भोके पडतात किंवा शब्द समासाबाहेर डोकावतो. इंग्रजी पुस्तकात शब्द न तोडण्याचा हट्ट धरूनही पान बरेचसे नीटस जुळवता येते. जर्मनमध्ये तो हट्ट परवडत नाही.

शब्द तोडण्याची ही परंपरा छापील पुस्तकाइतकीच जुनी आहे. योहानेस गुटेनबर्गने माइन्त्स येथे १४५५ च्या सुमारास छापलेल्या ४२ ओळींच्या लॅटिन बायबलात ओळींच्या अखेरीस तिरप्या दुहेरी रेघा मुक्तपणे वापरलेल्या आहेत, आणि त्या स्तंभाच्या कडेबाहेर, समासात काढल्या आहेत, जेणेकरून अक्षरांची कड सरळ दिसावी. रेघ अक्षरांपेक्षा फिकी असल्यामुळे ती कडेच्या आत ठेवली तर कडेला खाच पडल्यासारखी दिसते, हे निरीक्षण त्यामागे आहे. पुढे काळाच्या ओघात ही सोय मागे पडली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हेर्मान त्साप्फ यांच्या पुढाकाराने घडलेल्या ‘एचझेड’ या जुळणीप्रणालीत आणि नंतर हान थे थान्ह यांच्या ‘पीडीएफटेक’ या कामात ती पुन्हा आली. आज चांगल्या जर्मन पुस्तकाची कड हातात पट्टी धरून मोजली तर तोडरेघा किंचित बाहेर गेलेल्या सापडतात, आणि डोळ्याला मात्र कड अधिक सरळ भासते.

फ्राक्टुर या टोकदार वळणाच्या जर्मन लिपीत जोडरेघ आणि तोडरेघ या दोन्हींसाठी दुहेरी तिरपी रेघच वापरात राहिली. त्या लिपीच्या खिळ्यांनी शब्दतोडीच्या नियमांवरही आपली छाप सोडली. लांब ‘एस’ आणि ‘टी’ ही अक्षरे एकाच खिळ्यावर ओतलेली असत, आणि ‘एस-टी’ ही जोडी कधीही तोडू नये हा नियम त्याच्याशी जोडून सांगितला जातो. बर्लिन येथील १९०१ च्या लेखनपरिषदेनंतरच्या नियमांत तो कायम राहिला आणि शाळकरी मुलांना पाठ करून घेतला जाई. ‘सी-के’ या जोडीचा नियम याहून चमत्कारिक होता, कारण ‘त्सुकर’ (साखर) हा शब्द तिच्या मधून तोडताना पहिल्या ओळीतील ‘सी’ बदलून ‘के’ करावा लागे, म्हणजे ओळतोडीने शब्दाचे लेखनच बदलत असे. तीन समान व्यंजने एकत्र आली आणि पुढे स्वर असला तर शब्द सलग असताना त्यांतले एक गाळले जाई, पण नेमका त्या जागी शब्द तुटला तर गाळलेले व्यंजन परत येई. ‘शिफ’ (जहाज) आणि ‘फार्ट’ (प्रवास) यांच्या समासात सलग लेखनात दोनच ‘एफ’ आणि तुटलेल्या लेखनात तीन. १९९६ मध्ये ठरलेल्या आणि १ ऑगस्ट १९९८ पासून अमलात आलेल्या सुधारणेने यातली पुष्कळशी अडचण दूर केली: ‘एस-टी’ तोडता येऊ लागली, ‘सी-के’ अखंड राहून पुढच्या ओळीत जाऊ लागली, आणि तिन्ही व्यंजने नेहमीच लिहिली जाऊ लागली. शब्दारंभीचा एकटा स्वर तोडण्याची मुभा त्या सुधारणेने दिली होती, ती २००६ च्या फेरतपासणीत काढून घेण्यात आली. एकटे अक्षर ओळीच्या टोकाला टांगून ठेवण्यात वाचकाचे काहीच भले नव्हते, आणि ही माघार योग्यच म्हटली पाहिजे.

या सुधारणेने एका दिशेने मात्र रेघांची संख्या वाढवली. आकडा आणि शब्द यांच्या समासात पूर्वी रेघ नसे; आता ‘८-येरिख’ (आठ वर्षांचा) किंवा ‘१००-प्रोत्सेंटिख’ (शंभर टक्के) असे जोडरेघेने लिहावे लागते. रस्त्यांच्या आणि संस्थांच्या नावांत व्यक्तीचे पूर्ण नाव आले तर सर्व पदे रेघांनी ओवण्याचा नियम पूर्वीपासूनच आहे. ‘कोनराड-आडेनाउअर-श्ट्रासे’ या नावात दोन्ही रेघा आवश्यक आहेत. अशा लेखनामुळे जुळाऱ्यापुढे दोन परस्परविरोधी मागण्या उभ्या राहतात: लांब जोडशब्द हवे तेथे तुटावेत, आणि छोटे जोडशब्द मुळीच तुटू नयेत.

शब्द तोडताना अर्थाचे भान किती लागते, हे काही प्रसिद्ध उदाहरणांवरून ध्यानात येते. पुढे ओळ तुटण्याची जागा उभ्या रेघेने दाखवली आहे. ‘श्टाउ|बेकन’ म्हणजे पाणी अडवून केलेला साठा, आणि त्याच अक्षरांची ‘श्टाउब|एकन’ ही तोड म्हणजे धुळीचे कोपरे. ‘बे|इनहाल्टन’ म्हणजे समाविष्ट असणे. तोच शब्द दोन अक्षरे पुढे तोडला तर वाचकाच्या डोळ्यापुढे प्रथम पाय येतो आणि मग तो पकडणे येते. मुद्रणव्यवसायातच वापरला जाणारा एक शब्द तर या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे: ‘द्रुक|एर्त्सोइग्निस’ म्हणजे छापील वस्तू, आणि ‘द्रुकर|त्सोइग्निस’ म्हणजे मुद्रकाला मिळालेले प्रमाणपत्र. दोन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत, दोन्ही तोडी अक्षरगटांच्या नियमात बसतात, आणि तरीही त्यांतली एकच त्या वाक्यात बरोबर असते. म्हणून जर्मन जुळणीत मुख्य सांधा आणि गौण सांधा असा भेद करतात. समासाची पदे जेथे भेटतात तो मुख्य सांधा. एकाच पदाच्या आतील अक्षरगटांमधला तो गौण सांधा. मुख्य सांध्यावर तुटलेला शब्द वाचकाला थांबवत नाही, आणि म्हणून जागा असेल तेव्हा तोच निवडावा, अशी चांगल्या जर्मन जुळाऱ्यांची शिस्त आहे. फ्रीडरिख फोर्समान आणि राल्फ द योंग यांचा ‘डिटाइलटिपोग्राफी’ हा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ सूक्ष्म जुळणीच्या अशा बाबींकडे किती गांभीर्याने पाहता येते याचा उत्तम नमुना आहे.

खिळे हाताने जुळवण्याच्या काळात ही निवड जुळाऱ्याच्या डोक्यात होत असे. संगणकाकडे ती सोपवताना दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागले. पहिला, शब्दात तोडण्यायोग्य जागा कोणत्या. दुसरा, त्या जागांपैकी प्रत्यक्षात कोणत्या वापराव्यात. पहिल्याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात दिले: शब्दकोश साठवण्याऐवजी अक्षरांच्या छोट्या नमुन्यांची यादी करायची, प्रत्येक नमुन्यात तोड कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे अंकांनी लिहायचे, आणि शब्दावर हे नमुने लावून निकाल काढायचा. इंग्रजीसाठी त्यांनी तयार केलेल्या ४,४४७ नमुन्यांनी कोशातील सुमारे ८९ टक्के तोडी सापडत होत्या आणि चुकीच्या तोडी जवळजवळ येत नव्हत्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. तीत ओळी एकेक करून पाडल्या जात नाहीत. सबंध परिच्छेदाच्या शक्य तोडी तोलून, जिच्यात एकूण दोष सर्वांत कमी अशी मांडणी निवडली जाते. क्नूथ यांच्या ‘टेक’ या जुळणीप्रणालीत शब्द तोडण्याला दंडाचे गुण असतात, लागोपाठ दोन ओळी तोडरेघेने संपल्या तर वेगळे अधिक गुण असतात, आणि १०,००० हा दंड म्हणजे तोडण्यास पूर्ण बंदी. नमुन्यांनी सुचवलेल्या तोडीचा दंड आणि लेखकाने स्वतः लिहिलेल्या रेघेनंतरच्या तोडीचा दंड हे दोन स्वतंत्र आकडे ठेवलेले आहेत, यावरून दोन रेघांमधला फरक प्रणालीच्या रचनाकाराला दिसला होता हे उघड आहे.

तरीही एका ठिकाणी इंग्रजीची सवय प्रणालीत खोलवर उतरली. मजकुरात रेघ आली की टेक तिच्यानंतर ओळ तोडण्याची परवानगी आपोआप देते, आणि ज्या शब्दात अशी रेघ आहे त्या शब्दावर नमुने लावतच नाही; म्हणजे रेघ सोडून तो शब्द इतरत्र कोठेही तुटत नाही. इंग्रजीत हा निर्णय शहाणपणाचा होता. तेथील जोडशब्दांची पदे छोटी असतात, आणि एकाच शब्दात स्वतःची रेघ व तोडरेघ अशा दोन रेघा जवळजवळ आल्या तर वाचक गोंधळतो. जर्मनमध्ये जोडरेघेच्या एकेका बाजूला १५ अक्षरांचे पद असू शकते. १९९२ ते १९९६ आणि पुन्हा २००९ ते २०१३ या काळात संघराज्याच्या न्यायमंत्री राहिलेल्या झाबिने लॉइटहॉइसर-श्नारेनबेर्गर यांचे आडनाव अरुंद स्तंभात छापताना या निर्णयाची पूर्ण किंमत मोजावी लागत असणार, कारण दोन्ही पदे लांब आणि तोडण्याची अधिकृत जागा एकच. जुळणीप्रणालीने जेथे काळजी घेतली तेथेच ओळ फाटते.

जर्मन भाषक टेक-वापरकर्त्यांनी यावर काढलेला तोडगा अभ्यासण्यासारखा आहे, कारण तो यंत्राला अधिक हुशार करण्याच्या मागे न लागता लेखकाला बोलण्याची सोय करून देतो. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये म्युन्स्टर येथे भरलेल्या बैठकीत काही सामाईक संक्षिप्त खुणांवर एकमत झाले, आणि व्हिएन्नाच्या हुबेर्ट पार्टल यांच्या जर्मन आज्ञासंचातून त्या प्रचारात आल्या. पुढे योहानेस ब्राम्स यांच्या ‘बाबेल’ या बहुभाषी संचात त्या स्थिरावल्या. या खुणांची सुरुवात सरळ दुहेरी अवतरणचिन्हाने होते, आणि त्यापुढचे चिन्ह रेघेचे काम सांगते. ‘"=’ ही खूण म्हणजे जोडरेघ, जिच्यानंतर ओळ तोडता येते आणि जिच्या दोन्ही बाजूंच्या पदांतही नमुन्यांनुसार तोडता येते; मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न किंवा वर उल्लेखिलेले आडनाव यांच्यासाठी हीच खूण हवी. ‘"~’ ही खूण म्हणजे अशी रेघ, जिच्यानंतर ओळ कदापि तुटणार नाही. ‘"-’ ही खूण शब्दात तोडण्याची एक जादा जागा सांगते आणि इतर जागा शाबूत ठेवते. टेकची मूळची ‘\-’ ही आज्ञा वापरली तर त्या शब्दातील बाकीच्या जागा बंद होतात, आणि हा फरक न कळल्यामुळे नवख्या जुळाऱ्याची पुष्कळ मेहनत वाया जाते. ‘""’ ही खूण ओळ तोडू देते पण रेघ काढत नाही. तिरप्या रेषेने जोडलेल्या लांब शब्दांत ती उपयोगी पडते. ‘"|’ ही खूण एकत्र ओतलेली जोडाक्षरे सुटी करते, आणि तिचा संबंध पुन्हा मुख्य सांध्याशीच आहे, कारण ‘आउफलागे’ (आवृत्ती) या शब्दात ‘एफ’ आणि ‘एल’ वेगवेगळ्या पदांची असल्यामुळे त्यांची जोडणी जर्मन जुळणीत दोष मानली जाते.

तोड न होऊ देणाऱ्या रेघेची जागा नेमकी कोणती, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘उ-बान’ (भुयारी रेल्वे), ‘ई-मेल’, ‘टी-शर्ट’, ‘एक्स-आक्से’ (एक्स-अक्ष) अशा शब्दांत रेघेपूर्वी एकच अक्षर असते. नमुन्यांनुसार होणाऱ्या तोडीत शब्दाच्या दोन्ही टोकांना किमान दोन अक्षरे राखण्याची अट जर्मनसाठी घातलेली आहे, पण लिहिलेल्या रेघेला ती अट लागू होत नाही, आणि ओळीच्या शेवटी एकटे ‘उ-’ उरते. आकड्यांच्या समासातही हेच घडते: ‘८-’ एका ओळीत आणि वर्षे दुसऱ्या ओळीत. यांहूनही वाईट अवस्था शब्दाच्या आरंभी येणाऱ्या पूरकरेघेची होते. ‘टेक्स्टीलग्रोसहांडल उंड -आइनत्सेलहांडल’ (कापडाचा घाऊक आणि किरकोळ व्यापार) यात दुसऱ्या शब्दाआधीची रेघ ‘टेक्स्टील’ हे पद गाळल्याचे सांगते. रेघेनंतर ओळ तुटली तर ‘उंड’ या उभयान्वयी अव्ययापुढे एक अनाथ रेघ ओळीच्या टोकाला राहते, पुढची ओळ एका अर्धवट समासाने सुरू होते, आणि वाचकाला वाटते की छपाईत काहीतरी गळले आहे. अशा तोडीला कोणत्याही नियमाचा आधार नाही आणि सौंदर्याच्या दृष्टीनेही तिचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही ती काळजीपूर्वक छापलेल्या पुस्तकांत सापडते, कारण यंत्राला शब्दाच्या आधीची रेघ आणि शब्दाच्या मधली रेघ सारखीच दिसते.

युनिकोड या सार्वत्रिक वर्णसंचाने तिन्ही-चारही भूमिकांना वेगळे वर्ण दिले आहेत. टंकफलकावरील नेहमीची रेघ, जी वजाबाकीचेही काम करते, ती एक. निखळ जोडरेघ दुसरी. ओळ न तोडणारी रेघ तिसरी. आणि केवळ तुटल्यासच दिसणारी मृदू रेघ चौथी. ओळतोडीच्या युनिकोड-नियमांत नेहमीच्या रेघेनंतर आकडा आला तर तोडू नये अशी तरतूद आहे, आणि शब्दारंभीच्या रेघेनंतर न तोडण्याचा नियमही अलीकडे त्यात आला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र अडथळे उरतात. ओळ न तोडणारी रेघ पुष्कळ टंकांत ओतलेलीच नसते. मग प्रणाली ती दुसऱ्या टंकातून उसनी आणते आणि एकाच ओळीत दोन जाडींच्या, दोन उंचींच्या रेघा दिसू लागतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून रेघ उमटवली की न तोडणारी रेघ मिळते, पण ती वर्ण म्हणून न साठवता वेगळी खूण म्हणून साठवली जाते, आणि मजकूर दुसऱ्या जुळणीप्रणालीत नेताना ती वाटेत गळू शकते. आंतरजालावरील पानांत स्वयंचलित शब्दतोड सुरू करता येते, परंतु मजकूर जर्मन आहे हे पानाच्या खुणांत सांगितलेले नसेल तर ब्राउझरला कोणते नमुने लावायचे हे कळत नाही. मृदू रेघ शोधयंत्रणांना आणि प्रतिलिपी करणाऱ्यांना त्रास देते, कारण ती दिसत नाही पण शब्दात असते.

रेघेवर ओळ तुटली की काही माहिती कायमची हरवते, आणि या हानीकडे जर्मन परंपरेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. पोलिश, चेक आणि पोर्तुगीज भाषांत जोडरेघेवर शब्द तुटला तर ती रेघ पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा लिहितात, म्हणजे ही शब्दाची स्वतःची रेघ होती हे वाचकाला कळते. जर्मनमध्ये ही प्रथा नाही. नामांच्या बाबतीत मोठ्या आद्याक्षराने बरेच भागते: पुढची ओळ मोठ्या अक्षराने सुरू झाली तर आधीची रेघ जोडरेघ असली पाहिजे, कारण सलग समासात मध्ये मोठे अक्षर येत नाही. विशेषणांना हा आधार नसतो. ‘श्वार्त्स-वाइस’ (कृष्णधवल) हा शब्द रेघेसह आणि रेघेविना असा दोन्ही प्रकारे लिहिता येतो, आणि तो नेमका मधोमध तुटला तर लेखकाने कोणते लेखन निवडले होते हे त्या पानावरून ठरवता येत नाही. सामान्य वाचकाला याने फरक पडत नाही. पण ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करणाऱ्या संपादकाला पडतो, आणि जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींवरून यंत्राने मजकूर उतरवून घेणाऱ्यांना तर फारच पडतो, कारण तेथे ओळीअखेरची प्रत्येक रेघ काढावी की ठेवावी हा प्रश्न हजारो वेळा येतो आणि काढून टाकलेली खरी जोडरेघ नंतर शोधून सापडत नाही.

शब्दतोडीचे जर्मन नमुने गेल्या काही दशकांत बरेच सुधारले आहेत. २००८ पासून वेर्नर लेम्बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने तपासलेल्या शब्दयादीवरून ते पुन्हा रचले, आणि परंपरागत लेखन, सुधारित लेखन व स्वित्झर्लंडमधील परंपरागत लेखन यांसाठी वेगळे संच उपलब्ध करून दिले. यादीत मुख्य आणि गौण सांधे वेगळे दाखवण्याची दृष्टी असणे ही या कामाची सर्वांत मोलाची बाजू आहे. तरीही समास रोज नवे घडत असल्यामुळे कोणतीही यादी पुरी पडत नाही. टंकांच्या बाजूनेही एक प्रयत्न झाला होता: आयर्लंडमधील कॉर्क येथे १९९० मध्ये युरोपीय भाषांसाठी टंकांचा जो २५६ स्थानांचा तक्ता ठरला, त्यात १२७ व्या स्थानी दुसरी रेघ ठेवली गेली, जेणेकरून ओळीअखेरची तोडरेघ शब्दातल्या जोडरेघेपासून यंत्राच्या पातळीवर वेगळी काढता यावी. कल्पना उत्तम होती, पण मजकूर टंकित करणाऱ्याने भूमिका सांगितल्याशिवाय तीही पुरेशी ठरत नाही.

पुणे, मुंबई, चेन्नई येथील मुद्रणपूर्व काम करणाऱ्या संस्थांत युरोपीय प्रकाशकांची पाने जुळवली जातात, आणि त्यांतली काही जर्मन असतात. तेथील मराठी जुळाऱ्याला जर्मन येत असेलच असे नाही. भाषा न येणाऱ्याला श्टाउबेकनचा सांधा कोठे आहे हे कळण्याचा मार्ग नाही, आणि ते त्याच्या अंदाजावर सोडणे अन्यायाचे आहे. म्हणून हस्तलिखिताबरोबर संपादकाने एक यादी दिली पाहिजे, आणि ती मागून घेण्याचा जुळाऱ्याला हक्क असला पाहिजे. दुहेरी वाचन होणारे समास, न तोडायचे छोटे जोडशब्द, लांब आडनावे व स्थळनामे, आणि शब्दारंभीची पूरकरेघ जेथे जेथे आली आहे ती स्थळे त्या यादीत यावीत. पण या सर्वांच्या आधी मजकूर कोणत्या लेखनपद्धतीत आहे याची नोंद हवी, कारण ‘श्ट्रासे’ (रस्ता) हा साधा शब्ददेखील जर्मनीत ‘एस्सेट’ या खास अक्षराने लिहिला जातो आणि त्याच्या आधी तुटतो, तर स्वित्झर्लंडमध्ये तो दोन ‘एस’ने लिहिला जातो आणि त्या दोहोंच्या मधून तुटतो.